बुडखा वर, शेंडा खाली

१

मंगळवारी चुन्नीलालच्या दुकानातून लाल ऑक्साइडचा डबा घेतला. आमच्या अर्जुनीत रंग घ्यायचा म्हणजे चुन्नीलालकडेच जावं लागतं. डबा काउंटरवर ठेवत त्याने विचारलं, "फर्शी कर रहे क्या, भोजराज भाऊ?"

"नाही. छताला लावायचा आहे."

"छत को लाल? अरे भाऊ, ये फर्शी का रंग है. छत को कौन लगाता है?"

"लहान लेकराच्या खोलीचं छत आहे," मी म्हटलं. वास्तविक त्याला सांगायची काही गरज नव्हती. पण माझं तोंड असंच आहे, नको तिथे उघडतं आणि हवं तिथे मिटून बसतं.

चुन्नीलालचा चेहरा फुलला. "अच्छा! दूसरा आ रहा है क्या?"

"हो," मी म्हणालो आणि डबा उचलून निघालो.

माझं बसस्टँडच्या मागे मोटर बायंडिंगचं दुकान आहे. धानाच्या पाण्याच्या जळलेल्या मोटरी येतात, त्यांच्यात मी नवीन तार भरून देतो. करंट आहे की नाही हे टेस्टर सांगते, देव सांगत नाही, असं म्हणणारा माणूस मी. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, बाकी कशापुढे मी कधी हात जोडले नाहीत. पुढचं वाचून कोणाला वाटेल की भोजराजचं डोकं फिरलं. वाटू द्या. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं, आणि तेच खरं निघालं असतं तर बरं झालं असतं.

२

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी बायको प्रेमिला अंगणवाडी सेविका आहे. तिला सहावा महिना लागला होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्याआधी दोनदा पोट रिकामं झालं होतं. म्हणून या खेपेला मी ठरवलं, लेकराला स्वतःची खोली द्यायची. प्रेमिला हसली. "आपल्याकडे लेकराले खोली कोण देते जी? लेकरू मायच्या कुशीत झोपते." पण तिलाही हौस होतीच.

घरामागे विटांची एक अर्धवट खोली होती, तीच पुरी करायला घेतली. पैसा जेमतेम, त्यामुळे सगळी जुळवाजुळव. प्रेमिलाच्या जुन्या लुगड्याचे पडदे केले. तिची आई, कलाबाई, गोंदियाहून गोधडी शिवून घेऊन आली. पाळणा माझ्या बहिणीकडचा, तिची तिन्ही पोरं त्यात वाढलेली. जळलेल्या मोटरींतली तांब्याची तार वाकवून मी पाळण्यावर टांगायला मासे आणि चिमण्या केल्या. उरलासुरला निळा रंग छताला मारला आणि त्यावर चमकीच्या कागदाच्या चांदण्या चिकटवल्या. लेकराने उताणं पडून आकाश बघावं, अशी माझी कल्पना. माझ्या आयुष्यात त्या दोन महिन्यांएवढा आनंद मला कधी झाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका दाराचाच प्रश्न होता. नवं सागवान मला झेपणारं नव्हतं. इटियाडोहकडे एक जुनं घर पाडलं होतं, त्याची चौकट स्वस्तात मिळाली. आमच्या भागात सगळेच असं करतात. घर पडतं, पण सागवान मरत नाही.

चौकट बसवायला उदारामजी आले. गावातले सगळ्यात जुने सुतार, सत्तरी उलटलेली, कानावर पेन्सिल खोचलेली. त्यांनी डाव्या बाजूचा खांब ठोकून पाहिला. खालचा हातभर भाग उधईने पोखरला होता.

"याले खाली नवीन तुकडा जोडा लागल," ते म्हणाले. "दोन दिवसांचं काम हाय."

"तुकडा कायले? खांब उलटा करा ना. पोखरलेलं वर जाईल, भिंतीत दडून जाईल. चांगलं लाकूड खाली येईल."

उदारामजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लेकराला उलटं धरा म्हणालो. "नाई बावा. बुडखा खाली, शेंडा वर. झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं करा लागते. उलटं लाकूड घरात लावत नाईत."

"काऊन? काय होते?"

"काय होते ते मले नाई ठाऊक. माया बापाने नाई लावलं, म्या नाई लावलं."

तेव्हा माझं डोकं तापलं. दुकानात लोकांची अंधश्रद्धा ऐकून ऐकून आधीच कान किटले होते. मी म्हटलं, "उदारामजी, तुमचं काम रंधा मारायचं आहे. शास्त्र सांगायचं नाही. लावायचं असेल तर लावा, नाहीतर मी लावतो."

 म्हाताऱ्याने हत्यारं थैलीत भरली आणि तो गेला. पाणी प्यायलाही थांबला नाही. खांब मी स्वतः उलटा करून बसवला आणि बसवून झाल्यावर शीळ घातली.

३

रंग देण्याआधी लाकूड घासताना डाव्या खांबावर रेषा दिसल्या. पाच रेषा, खिळ्याने ओढलेल्या, एकाखाली एक. प्रत्येकीच्या बाजूला बारीक आकडे होते, पण उलटे. मान वाकडी करून पाहिलं तेव्हा समजलं. त्या घरच्यांनी आपल्या लेकराची उंची मापून ठेवली होती. पहिली रेष वर्षभराच्या लेकराची असावी, शेवटची तीन वर्षांच्या. खांब उलटा झाल्यामुळे सगळ्यात लहान माप सगळ्यात वर गेलं होतं, चार फुटांवर. मोठं माप खाली, साडेतीन फुटांच्या जरा आत.

प्रेमिला रेषांवर बोट फिरवत म्हणाली, "पाहा ना, हे लेकरू तर डोक्यावर उभं हाय."

आम्ही दोघंही हसलो.

मी रेषांमध्ये लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला आणि वरून पोपटी रंगाचे दोन हात दिले. आठ दिवसांत रेषा पुन्हा दिसू लागल्या. लांबी सुकून खाली बसली असेल. परत भरली, परत दिसल्या. म्हटलं जाऊ दे, राहू दे.

आणखी एक गोष्ट होती. चौकटीच्या वरच्या लाकडाला खालच्या बाजूने, डाव्या खांबाला लागून, दोन डाग होते. तेलकट, अंड्याएवढे. वाटलं, उदारामजींच्या हाताचे असतील. मी स्टुलावर चढून पुसायला गेलो. पुसले गेले नाहीत. जवळून बघितलं तर एकेका डागाच्या पुढे पाच पाच बारीक टिंबं होती.

मी खाली उतरलो, हात धुतले आणि चहा मागितला. प्रेमिलाला सांगितलं नाही. आठव्या महिन्यातल्या बाईला कोण सांगेल?

फेब्रुवारीत चेतना झाली. अडीच किलोची, डोकंभर केस आणि आवाज तर असा की बसस्टँडवर ऐकू जावा.

४

आम्हीही तिची उंची त्याच खांबावर मापायचो. आयता खांब, आयत्या रेषा. उजव्या कडेला आमची चेतना, डाव्या कडेला तो. मी त्याला "तो" म्हणायचो. मुलगा की मुलगी हे मला काय ठाऊक.

मापायचं काम प्रेमिलाचं. अंगणवाडीतल्या सगळ्या लेकरांचं वजन-उंची तीच घ्यायची, वाढीच्या तक्त्यावर टिंबं मांडायची, टिंबं जोडून रेष काढायची. कोणाची रेष खाली झुकली की त्या घरी ती स्वतः जायची. घरीसुद्धा तिचा तोच खाक्या. "टाचा जोड. पाठ टेकव. समोर बघ." डोक्यावर फुटपट्टी ती धरायची आणि पेन्सिलने रेष मी ओढायचो. "मापाले दोन माणसं लागतात," ती म्हणायची, "नाहीतर लेकरू लबाडी करते."

चेतना वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची झाली. तिच्या रेषा वर चढत गेल्या.

तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला माझ्या लक्षात आलं की डावीकडे सहावी रेष आहे. पाचवीच्या खाली, अर्ध्या बोटावर. मी स्वतःलाच समजावलं, लाकूड उकलतं, उन्हाळ्यात सागवानालाही भेगा जातात. भेग सरळ होती, खांबाच्या कडेपासून बरोबर दोन इंच. शेजारी आकडा नव्हता. म्हणजे भेगच, दुसरं काय!

दुपारी कधी कधी त्या खोलीतून आवाज यायचा. खर्र. खिळ्याने लाकूड ओरबाडल्यासारखा, एकदाच. उधई असेल म्हणून मी खांबाला औषध मारलं. आमची माणसं बाहेरून देव सोडतात, पण आतून बहाणे सोडत नाहीत. मी तर बहाण्यांचा कारखानाच काढला होता.

दोन हजार नऊच्या चैत्रात चेतना पाच वर्षांची होती, बालवाडीत कविता म्हणायची, "बाबा, धा रुपये दे" म्हणून माझ्या दुकानात येऊन बसायची. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, तो खाली येऊन राहिला."

"कोण?"

"दारातला. त्याचे केस माझ्या केसाले लागतात."

प्रेमिलाचा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "जेव चुपचाप."

उठून खांब पाहिला. डावीकडची शेवटची रेष आणि उजवीकडची शेवटची रेष, दोन्हींमध्ये एक नखसुद्धा मावत नव्हतं.

५

मेच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी बारा वाजता लोडशेडिंग सुरू झालं. मी दुकान बंद करून जेवायला घरी आलो. अंगणात चिटपाखरू नव्हतं. प्रेमिला मीटिंगला गेली होती, चेतनाला शेजारच्या नंदाबाईंच्या भरवशावर ठेवून. नंदाबाई ओसरीवर घोरत होत्या.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. चेतना दारात, खांबाला पाठ टेकवून उभी होती. टाचा जोडलेल्या, नजर समोर. मापाला उभी राहते तशी.

मी हाक मारणार होतो, पण तिच्या केसांकडे लक्ष गेलं.

तिचे केस खांद्यावर नव्हते, वर होते. सरळ उभे, जसे पाण्यात डुबकी मारल्यावर वर जातात. आणि वरून दुसरे केस त्यांच्यात येऊन मिसळले होते. काळे, जरा आखूड. डोक्याला डोकं टेकलं होतं. त्या वरच्या केसांच्या मागे कपाळ होतं. त्याच्यावर दोन डोळे होते, मिटलेले. तेही लेकरू मापाला उभं होतं.

खर्र, असा आवाज आला.

मी ओरडलो, काय ते आठवत नाही. चेतना दचकून माझ्याकडे धावत आली, केस खांद्यावर, घामाने चिकटलेले. दारात काही नव्हतं. फक्त चेतना जिथे उभी होती तिथे खांबावर लाकडाचा ताजा भुसा चिकटला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तो मले दाबून राहिला होता."

६

जूनमध्ये शाळेचा ड्रेस घालताना प्रेमिला म्हणाली, "अवो, हा तर मोठा होऊन राहिला." मार्चमध्ये शिवलेला ड्रेस. म्हटलं, शिंप्याने सैल शिवला असेल. मग चपला सैल झाल्या. ऑगस्टमध्ये मागच्या वर्षीचा फ्रॉक तिला बसला. सप्टेंबरमध्ये त्याच्या आदल्या वर्षीचा.

प्रेमिलाने मापली. परत मापली. मग तक्ता काढला आणि टिंब मांडलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांच्या रेषा बघणारी बाई, तिच्या स्वतःच्या पोरीची रेष खाली वळली होती. ती तक्ता हातात धरून पाटावर बसून राहिली. मला आजही तो पाट दिसतो.

गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी रक्त काढलं, फोटो काढले, सगळं ठीक सांगितलं. आधीची मापं चुकली असतील म्हणे. "मी सेविका आहे, साहेब," प्रेमिला म्हणाली, "मला माप येते." नागपूरला नेलं. तिथे जन्मदाखला मागितला. दाखवला तर खिडकीतला माणूस म्हणाला, "हा मोठ्या मुलीचा आहे. या छोटीचा आणा."

नोव्हेंबरमध्ये तिचे पडलेले दोन दात परत आले. नवीन नाही, तेच जुने, एकाचा कोपरा तुटलेला होता तोसुद्धा तसाच. मी तो दात स्वतःच्या हाताने न्हाणीच्या मागे पुरला होता. उकरून पाहिलं, तिथे नव्हता.

मग कविता गेल्या. मग आकडे गेले. एक दिवस दुकानात आली आणि नुसती उभी राहिली. मी विचारलं, "काय पाह्यजे, बेटा? धा रुपये?" तिला आठवेना. ती माझ्याकडे बघून हसली, आणि मी मोटरीत डोकं खुपसून रडलो. रडलो हे लिहायला मला लाज नाही.

डावीकडच्या रेषा खाली येत होत्या, दर महिन्याला एक. त्याची वाढ चांगली चालली होती.

७

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं काय करायचं ते. उदारामजींच्या घरी जाऊन त्यांचे पाय धरायचे होते. पण मीच त्यांचा अपमान करून हाकलून दिलेलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ? सहा वर्षं बाजारात समोर आले की मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालायचो.

त्याऐवजी मी कुऱ्हाड घेतली. दोन हजार दहाच्या संक्रांतीच्या सकाळी, प्रेमिला "थांबा, थांबा" म्हणत असताना, मी ती चौकट भिंतीतून उपटली, चारही लाकडं फोडली आणि अंगणात पेटवली. जुनं सागवान, पाच तास जळत होतं. चेतना प्रेमिलाच्या कडेवर होती. एवढी मोठी पोरगी आता कडेवर मावत होती. आगीकडे बघून ती रडत होती. "पाय," ती म्हणत होती. "त्याचे पाय."

दारात लोखंडी चौकट बसवली. पंधरा दिवसांनी तिच्या वरच्या पट्टीला खालून गंज चढला. दोन पावलांचा. माझ्या तळहाताएवढी पावलं.

मग गेलो उदारामजींकडे. ते खाटेवर होते, दम्याने बेजार. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, रेषा, केस, दात, आग.  शेवटी त्यांनी विचारलं, "जाळली?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाले, "खांब सरळ करून लावाचा होता, बावा. त्याचे पाय भुईले लागले असते. तोही आपल्या वाटेने गेला असता." मग दम लागला. सुनेने पाणी पाजलं. "आता कायच्यावर उभा राहील तो?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तेव्हाही चुकलं."

"तू ऐकत नाई," ते म्हणाले. रागाने नाही. जसं कोणी म्हणतं, आज ऊन आहे.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. मला खांदा द्यायला मिळाला, एवढंच.

८

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगत नाही. आता दोन हजार अकरा चालू आहे. चेतना सात वर्षांची आहे आणि तिची उंची दोन फूट पाच इंच. पाळणा माळ्यावरून खाली काढला. कलाबाईंची गोधडी धुतली. तांब्याचे मासे चिंचेने घासून परत टांगले. लेकराची खोली दुसऱ्यांदा सजवतो आहे, त्याच लेकरासाठी, आणि या वेळीही उरलेसुरलेच सामान.

पाळण्याजवळ उताणा पडून वर बघत होतो तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी मोटरवाला माणूस, मला जागेचं माप कळतं. दारात उंची साडेसहा फूट. त्यात दोघं राहतात, एक खालून, एक वरून. त्याची जेवढी वाढते तेवढी हिची कमी होते. पण छत नऊ फुटांवर आहे. तो दारातून आत आला, छतावर उभा राहिला, तर अडीच फूट जागा वाढेल. दोघांनाही.

मग तो आत काऊन येत नाही? छताकडे पाहिलं आणि समजलं. मी तिथे आकाश रंगवून ठेवलं होतं. आकाशावर पाय कोण ठेवेल?

म्हणून लाल ऑक्साइड. चांदण्या खरवडून काढल्या, निळा रंग घासला आणि सगळं छत फरशीसारखं लाल केलं. दारावरच्या भिंतीलाही लाल पट्टा ओढला, म्हणजे त्याला उंबरठा ओलांडून यायला वाट होईल. मान मोडून आली. प्रेमिला खाली पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिने एकदाही विचारलं नाही की हे काय चाललं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मापायला बसली. चेतनाला गोधडीवर सरळ झोपवलं, टेप लावला. परत लावला. "एक बोट," ती म्हणाली. "अवो, एक बोट वाढली." दोन वर्षांत पहिल्यांदा तक्त्यावरचं टिंब वर गेलं. प्रेमिला तोंडात पदर कोंबून रडली. मीही हसत-रडत वर बघितलं, त्याचे आभार मानायला, खरंच सांगतो, आभार मानायलाच.

रंग पुरता वाळला नव्हता. त्याच्यात पावलं उमटली होती. दारावरून आत आलेली, कोपऱ्यापर्यंत गेलेली. कोपऱ्यात, भिंतीला टाचा टेकवून, जोडलेली. मापाला उभं राहतात तशी.

आणि त्यांच्या समोर आणखी दोन पावलं होती. मोठ्या माणसाची. बोटं त्या लहान पावलांकडे, अगदी जवळ उभी, जसा रेष ओढायला मी उभा राहतो.

भिंतीवर छतापासून चार फूट खाली एक ताजी रेष होती. खिळ्याची.

इतकी वर्षं मी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. लेकरू स्वतःची रेष स्वतः ओढू शकत नाही. मापाले दोन माणसं लागतात.

म्हणजे तिकडेही एक बाप आहे. त्यालाही आपल्या लेकराच्या डोक्यावर कोणाचे तरी केस टेकलेले दिसले असतील. त्याच्या घरात आमची चेतना उलटी लटकली असेल. दोन वर्षं त्याचं लेकरू वाढत होतं, म्हणून तो गप्प होता. पण आता जागा दोघांची झाली. आमची चेतना वाढेल, त्याचंही वाढेल, आणि नऊ फूट काही जास्त नाहीत. पाच-सहा वर्षांनी एका दुपारी पुन्हा डोक्याला डोकं लागेल. त्या वेळी कदाचित त्याच्या लेकराचा ड्रेस सैल व्हायला लागेल.

तेव्हा तो काय करेल, याचीच मला भीती वाटते. कारण मी काय केलं ते मला माहीत आहे.

म्हणून मी रोज दुपारी दुकान बंद करून येतो, पाळण्याजवळ उभा राहतो आणि वर तोंड करून बोलतो. म्हणतो, बावा, घाई नको करू. राग नको धरू. कुऱ्हाड उचलू नको, काही जाळू नको. तुमच्याकडे कोणी म्हातारा सुतार असेल तर त्याला आधी जाऊन विचार, आणि तो सांगेल तसं कर.

ऐकू जातं की नाही, माहीत नाही. मी तरी कुठे ऐकलं होतं.